करपलेली कढई आणि विज्ञानाचा तास



संक्रांत आली की तिळगुळाचा बेत होतो आणि कुठल्या ना कुठल्या घरी पाक हमखास पुढे जातो. कढईच्या बुडाला काळा, काचेसारखा कडक थर बसतो. मग तारेची घासणी निघते, नाहीतर "राहू दे, उद्या मावशी घासतील" असं म्हणून कढई मोरीत सरकवली जाते. माझं म्हणणं एवढंच, की मोरीत जाण्याआधी ती एकदा वर्गात यावी. भौतिक बदल, रासायनिक बदल, विद्राव्यता, आम्ल आणि आम्लारी हे सातवी-आठवीत वेगवेगळे शिकवले जाणारे विषय त्या एका बुडावर एकत्र सापडतात.

सुरुवात प्रश्नाने करा : "बुडाला नेमकं काय चिकटलंय?" बहुतेक मुलं "साखर" किंवा "गूळ" म्हणतील. ते अर्धंच बरोबर आहे. साखर साधारण 160 अंश सेल्सिअसच्या पुढे तपकिरी व्हायला लागते. ते कॅरॅमल. आच तशीच राहिली तर धूर येतो, कडवट वास सुटतो आणि शेवटी उरतो तो मुख्यतः कार्बन, म्हणजे कोळसाच. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22 आणि ऑक्सिजनचे 11 अणू असतात. हे आकडे फळ्यावर लिहा आणि थोडं थांबा. 22 आणि 11 हे पाण्याचंच प्रमाण आहे, हे कोणीतरी आपणहून बोलतं. मग पाणी निघून गेल्यावर मागे काय उरणार, ते वेगळं सांगावं लागत नाही.

गूळ साखरेच्या आधी का करपतो, हाही प्रश्न येतो आणि चांगला आहे. गुळात साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. फ्रुक्टोज बऱ्याच कमी तापमानाला तपकिरी होतं. म्हणून गुळाच्या पाकाजवळून हलायचं नाही, हा आजीचा नियम.

वर्गात करायचा प्रयोग छोटा आहे. स्टीलचे तीन जुने चमचे घ्या, प्रत्येकात चिमूटभर साखर. पहिली तशीच ठेवा. दुसरी स्पिरिटच्या दिव्यावर तपकिरी होईपर्यंत तापवा, तिसरी पूर्ण काळी होईपर्यंत. (मेणबत्ती वापरलीत तर चमच्याला खालून काजळी धरते आणि मुलं तीच करपलेली साखर समजतात. दिवाच बरा.) चमचे पूर्ण गार झाले की तीन पेल्यांत कोमट पाण्यात बुडवून ठेवा. पहिल्यातली साखर लगेच विरघळते. दुसऱ्यातली सावकाश जाते, पण पाणी सोनेरी करून जाते. तिसऱ्यातलं काळं तिथेच राहतं. पाठ्यपुस्तकातली बदलांची व्याख्या मुलांनी पाठ केलेली असतेच, पण ती त्यांना कळते ती या तिसऱ्या चमच्याशी.

तापवण्याचं काम मात्र शिक्षकानेच करायचं, चिमट्याने, मुलांना हातभर लांब उभं करून. पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो, म्हणून त्याचा चटका खोल जातो. भाजलंच तर भाग लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचा, 20 मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. फोड आला किंवा भाग मोठा असेल तर डॉक्टरांकडे. तापलेल्या कढईत गार पाणी ओतणं हाही असाच धोका, कारण पाण्याची क्षणात वाफ होऊन पाकाचे थेंब उडतात. आधी गॅस बंद, मग कढई गार होऊ द्यायची.

आता कढईकडे वळू. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना जवळपास 200 ग्रॅम साखर विरघळते आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे गार झालेल्या कढईत थराच्या वर येईल इतकं पाणी घालून मंद आचेवर उकळलं की न करपलेली साखर आणि कॅरॅमल दोन्ही सुटतात. हात न दुखवता निम्मं काम होतं. राहिलेला कोळसा पाण्यात, लिंबात, सोड्यात, कशातच विरघळत नाही. पण तो ज्या कॅरॅमलच्या आधाराने धातूला धरून असतो, ते खालून विरघळलं की त्याच्या कडा उचलल्या जातात. लाकडी उलथण्याने हलकेच रेटलं की पापुद्रे निघतात.

दूध, खिचडी, भात बुडाला लागला तर गोष्ट वेगळी. तिथे प्रथिनं आणि पिष्ट असतं, साखरेसारखं ते पाण्यात नाहीसं होत नाही. पिष्ट पाणी पिऊन फुगतं, म्हणून भाताचं पातेलं रात्रभर भिजवलं की खरवड सुटते. दुधाच्या आणि जळक्या तेलाच्या थराला आम्लारी लागतं. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा. उकळताना त्यातला काही सोडा धुण्याच्या सोड्यात बदलतो, त्यामुळे द्रावण जास्त जोरकस होतं. चुलीच्या राखेने भांडी घासायचे त्यामागेही हेच कारण आहे : राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट आम्लारीधर्मी असतं, आणि बारीक कण घासण्याचं काम करतात. म्हणजे साबण आणि घासणी एकाच मुठीत.

व्हिडिओंमध्ये सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र ओततात, फसफसतं, आणि बघणारा खूश होतो. ते फसफसणं कार्बन डायऑक्साइडचं. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करून टाकतात आणि भांड्यावर काम करायला फारसं काही उरत नाही. मुलांना हे मुद्दाम करू द्या, वेगवेगळं करून तुलनाही करायला सांगा. करपलेल्यासाठी सोडा. चिंच-लिंबू लागतात ते तांब्या-पितळेचा डाग काढायला किंवा कुकरच्या आतला काळसरपणा घालवायला.

भांडं कशाचं आहे ते आधी बघावं लागतं. वरचा सोड्याचा उपाय स्टीलसाठी आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळला तर वरचा संरक्षक थर खाल्ला जातो आणि भांडं काळं पडतं. लोखंडी कढई रात्रभर भिजत ठेवली तर सकाळी गंज. नॉनस्टिकला तारेची घासणी लावायचीच नाही. कल्हईच्या पातेल्यालाही नाही, कारण कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो खरवडला गेला की आंबट पदार्थ थेट पितळेला लागतो.

आणि काही झालं तरी संडास धुण्याचं ॲसिड भांड्याला लावू नका. ते स्टीलही खातं. ब्लीचशी त्याचा संबंध आला तर क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो. पालकांनी हे मुलांसमोर, बाटली दाखवून सांगावं.

गृहपाठ म्हणून मी एकच काम देते : घरातलं पुढचं करपलेलं भांडं मुलाने किंवा मुलीने स्वतः स्वच्छ करायचं. मुलग्यांना सूट नाही. घासायला घेण्याआधी वहीत लिहायचं : काय चिकटलंय, भांडं कशाचं आहे, मी आधी काय वापरणार आणि का. घासून झाल्यावर किती वेळ लागला आणि अंदाज कुठे चुकला. भांडं पुरतं निघालं नाही तरी चालेल, बुडाचा काळा डाग तसाच राहिला असेल तर तोही वहीत काढून आणायचा.