कायदा आणि सार्वजनिक आरोग्य

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस हुगळीकाठी बजबज हे गाव आहे. तेथील धक्क्यास तेलवाहू जहाजे लागतात. अशा जहाजावर साथीचा रोगी आढळल्यास त्यास अलग ठेवण्याचा अधिकार कोणाचा? संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार बंदरावरील क्वारंटाइन हा संघसूचीतील विषय होय. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा राज्यसूचीतील. यास्तव जहाजाची जबाबदारी केंद्राची. रोग गावात शिरल्यास मात्र उपाय योजणे हे राज्याच्या आरोग्यखात्याचे काम. नेहमीचे कायदे अपुरे पडल्यास १८९७ चा साथरोग कायदा राज्यास प्रवाशांची तपासणी करण्याचा व संशयित रोग्यांस अलग ठेवण्याचा अधिकार देतो. त्याच वर्षी पुण्यात प्लेगनिवारणार्थ झालेल्या सक्तीच्या घरझडत्यांमुळे लोक प्रक्षुब्ध झाले व रोगी लपवू लागले. तेव्हा कायद्याने अधिकार द्यावा, तशीच त्याची मर्यादाही आखावी. लोकांच्या विश्वासावाचून साथ आवरत नाही.