शब्दपरिचय : 'फोकल'

सोनोग्राफी, एमआरआय व बायॉप्सीच्या अहवालांत 'फोकल' हे विशेषण वारंवार आढळते. ते 'फोकस' या नामापासून सिद्ध झाले आहे. लॅटिन भाषेत 'फोकस' म्हणजे चूल. केप्लरने १६०४ मध्ये हा शब्द नाभी या अर्थी योजला. वैद्यकात 'फोकल' म्हणजे मर्यादित स्थानी असलेला, एकदेशीय. याचा विरुद्धार्थी शब्द 'डिफ्यूज', म्हणजे सर्वत्र पसरलेला. एकांगवात व सर्वांगवात हा भेद जाणणाऱ्या वैद्यास ही कल्पना नवी नाही.

प्रयोग पुढीलप्रमाणे :

१. फोकल लिजन : अवयवातील स्थानिक विकृती. ती साधी पुटी, विद्रधी, हिमँजिओमा किंवा अर्बुद असू शकते. केवळ या शब्दावरून कर्करोगाचे निदान करू नये.

२. नो फोकल लिजन : याचा अर्थ 'यकृत निरोगी' असा नव्हे. मेदसंचय संपूर्ण यकृतात पसरलेला असू शकतो. म्हणून अहवालातील पुढील वाक्यही वाचावे.

३. फोकल सीझर : मेंदूच्या एका गोलार्धात उगम पावणारा झटका. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही हीच संज्ञा आहे. असा झटका पुढे सर्व शरीर व्यापू शकतो. येथे विशेषण उगम दर्शविते, व्याप्ती नव्हे.

४. फोकल डेफिसिट : अकस्मात एका बाजूचे दौर्बल्य, मुखवक्रता किंवा वाणीदोष. येथे पक्षाघाताची शंका घेऊन रुग्णास विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात पाठवावे.

सारांश, 'फोकल' हा शब्द स्थान सांगतो. व्याधीचे बल किंवा साध्यासाध्यत्व सांगत नाही. त्यांचा निर्णय रुग्णपरीक्षणानेच करावयाचा असतो.