सेवा करणाऱ्यांचा थकवा



आपल्या धर्मग्रामात अशी कितीतरी घरे आहेत जिथली मुलगी किंवा सून परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून ती सकाळी घरी येते, मुलांचे डबे भरते, त्यांना शाळेत धाडते आणि मग आडवी होते. "काल वॉर्डात काय झाले गं?" असे कोणी विचारलेच, तर "काही नाही" म्हणते. कदाचित पहाटे तीन वाजता तिच्या डोळ्यांदेखत कोणी शेवटचा श्वास घेतलेला असतो, आणि पाच मिनिटांत ती दुसऱ्या खाटेपाशी इंजेक्शन घेऊन उभी राहिलेली असते. आजचा पाठ तिच्यासाठी आहे, आणि तिच्या घरच्यांसाठीही.

अशा साचत जाणाऱ्या थकव्याला 'बर्नआउट' म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातील सेवकांची अवस्था पाहून त्याविषयी लिहिले. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणे मांडली. मन पार रिते होते; समोरचा रुग्ण माणूस न वाटता 'खाट नंबर बारा' वाटू लागतो; आणि आपल्या हातून काहीच चांगले होत नाही असे वाटत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या यादीत याची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. हा भेद लक्षात ठेवावा. "पूर्वी किती मायाळू होती, आता सारखी खेकसते," असे आपण पटकन म्हणतो. तिची माया आटलेली नसते. ती दमलेली असते.

मग दया जास्त केल्याने माणूस दमतो का? तानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही जणांना इतरांच्या दुःखाच्या चित्रफिती दाखवल्या. त्या दुःखाशी एकरूप व्हायला शिकवल्यावर पाहणाऱ्यांचे मन अधिक खिन्न झाले. मग त्यांनाच करुणेचे शिक्षण दिले, म्हणजे दुःखी माणसाचे भले व्हावे ही इच्छा मनात जागवायला शिकवले. तेव्हा खिन्नता उतरली आणि मनाला उभारी आली. दुसऱ्याचे दुःख स्वतःत ओतून घेणे वेगळे आणि करुणा वेगळी.

संत लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी आठवा. त्याला कळवळा आला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले. आणि दुसऱ्या दिवशी? दोन दीनार उतारशाळेच्या रक्षकाला दिले, त्याच्यावर काळजी सोपवली आणि तो पुढच्या वाटेला लागला. प्रवचनात आपण तेलाविषयी पुष्कळ ऐकतो, त्या रक्षकाविषयी फार थोडे. शोमरोन्याने सारे एकट्याने केले नाही.

हीच गोष्ट आता काही इस्पितळांत शिकवली जाते. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इस्पितळात जोनाथन बार्टेल्स नावाचे परिचारक आहेत. शर्थ करूनही एक रुग्ण दगावला, तेव्हा तिथल्या चॅप्लेनने सर्वांना थांबवून प्रार्थना करायला सांगितले. बार्टेल्स यांच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. पुढे त्यांनी स्वतः ही प्रथा सुरू केली. रुग्ण गेला की खोलीतून बाहेर पडण्याआधी सगळ्यांनी सुमारे एक मिनिट स्तब्ध उभे राहायचे. ही व्यक्ती जगली, तिने प्रेम केले, कोणाची तरी ती प्रिय होती, आणि आपण तिच्यासाठी झटलो, एवढे मनात आणायचे. शांतता मुद्दामच शब्दाविना ठेवलेली, म्हणजे कोणत्याही धर्माच्या सहकाऱ्याला त्यात उभे राहता यावे.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ७० डॉक्टरांनी वर्षभराचे असेच शिक्षण घेतले; आधी आठ आठवडे दर आठवड्याला, मग दहा महिने महिन्यातून एकदा. श्वासाकडे लक्ष देणे, सहकाऱ्याचे मध्ये न बोलता ऐकणे, कठीण प्रसंग एकमेकांना सांगणे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांचा थकवा कमी झाला आणि रुग्णांविषयीची आस्था वाढली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा यावरून फार मोठे दावे करू नयेत. मात्र नंतरच्या मुलाखतींतून दिसले की सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलल्याने त्यांचे एकटेपण कमी झाले होते.

काहींना शंका येईल, ही सजगतेची साधना तर बौद्ध परंपरेतली. आपण करावी का? इगतपुरीची विपश्यना आपल्या ऐकिवात आहेच. इस्पितळांत शिकवतात तो प्रकार बहुतांशी जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या, कोणत्याही धर्माशी न जोडलेल्या अभ्यासक्रमावरून आला. ख्रिस्ती ध्यानाविषयी व्हॅटिकनने १९८९ साली काढलेल्या पत्रात अशा पद्धती सरसकट नाकारलेल्या नाहीत. शांत मनाने देवासमोर येण्यास त्या साहाय्यक ठरू शकतात. मात्र शरीराला वाटणारी शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नये, हा इशाराही तिथे आहे.

आणखी एक इशारा माझ्याकडून. तीस रुग्णांमागे एकच परिचारिका ठेवायची आणि तिला श्वास मोजायला शिकवायचे, ही करुणा नव्हे. जिथे माणसे कमी आहेत तिथे माणसेच वाढवावी लागतात.

संत मार्कच्या सहाव्या अध्यायात प्रेषितांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभू येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. ते पलीकडे पोहोचले तर लोक आधीच धावत येऊन थांबलेले! म्हणजे विसावा मिळाला तो होडीत बसले होते तेवढाच. तरी प्रभूने त्यांना होडीत बसवले.

वॉर्डात ही होडी हात धुण्याच्या नळाशी सापडते. दोन रुग्णांच्या मध्ये हात धुताना पाण्याचा स्पर्श जाणवू द्यावा, एक श्वास सावकाश घ्यावा आणि पुढच्या रुग्णाचे नाव मनात घ्यावे. खाटेचा नंबर नव्हे. घरच्यांनी ती आल्याबरोबर प्रश्न विचारू नयेत. चहा द्यावा आणि सकाळचे डबे दुसऱ्या कोणी भरावेत.

समूहाच्या बैठकीत बोलण्यासाठी: आपल्या घरातील किंवा शेजारातील सेवा करणाऱ्या माणसाचा 'उतारशाळेचा रक्षक' कोण आहे? या आठवड्यात त्याचे कोणते काम आपण आपल्याकडे घेऊ शकतो?