तेलाची ज्योत आणि पंपाची शिस्त

विद्यार्थिमित्रहो, आमच्या हिंगोली भागांत एके काळीं पहाटेस स्टोव्हचा फरफर आवाज कानीं पडे. चहाचें आधण त्यावर चढे, आणि पंप मारण्याचें काम बहुधा घरांतील शाळकरी मुलाकडे येई. 2016 सालीं उज्ज्वला योजना निघाल्यानंतर पुष्कळ घरांत गॅस आला. तरी सिलिंडर संपला कीं माळ्यावरचा स्टोव्ह कित्येकदां पुन्हा खालीं उतरतो. अशा वेळीं पंपाचा दांडा हातीं घेणाऱ्यास त्यामागील शास्त्र ठाऊक असावें, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट ही कीं, तेल द्रवरूपांत जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ. स्वीडन देशांतील लिंडक्विस्ट यानें 1892 सालीं जो बिनवातीचा स्टोव्ह तयार केला, त्याचें मर्म हेंच होय. पंप टांकींत हवा कोंबतो; एकाच दिशेनें उघडणारी झडप तिला परत येऊं देत नाहीं. दाबलेली हवा रॉकेलास नळींतून वर ढकलते. वर तापलेल्या बर्नरमध्यें त्याची वाफ होते, ती बारीक छिद्रांतून वेगानें निघून भोवतालच्या हवेंत मिसळते व निळी ज्योत लागते.

आतां चूक कोठें होते तें पाहूं. वाटींतील स्पिरिट जळून बर्नर पुरता तापण्यापूर्वीं पंप मारला, तर वाफेऐवजीं तेलच वर येतें आणि पिवळा भडका उठतो. अशा वेळीं आणखी पंप मारणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय. हवा सोडण्याचा स्क्रू उघडावा, ज्योत विझूं द्यावी, स्टोव्ह पूर्ण निवूं द्यावा आणि मग प्रारंभापासून सुरुवात करावी. पंपास दाबच येत नसेल, तर बहुधा आंतील चामड्याचा वॉशर सुकलेला असतो. तेलाच्या थेंबानें तो मऊ होतो.

थंड देशांत घरें उबदार ठेवण्यासाठीं तेलाचे बर्नर वापरतात. आपल्याकडेही कारखान्यांतील बॉयलरांस व भट्ट्यांस तसे बर्नर बसवितात. तेथें पंप हवा न दाबतां प्रत्यक्ष तेलच दाबतो. लहान बर्नरमध्यें हा दाब बहुधा चौरस इंचास 100 पौंड, म्हणजे सुमारें 7 बार, किंवा त्याहून अधिक असतो. बारीक तोंडांतून तेल धुक्यासारखें उडतें, पंखा हवा पुरवितो व विजेची ठिणगी त्यास पेटविते.

हा पंप लावतांना कारागीर एक क्रम पाळतो. प्रथम तो गाळणी स्वच्छ करतो. मग पंप चालू असतां हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुड्यांवांचून अखंड तेल येईपर्यंत ते भांड्यांत धरतो. कारण नळींत हवा राहिली तर ज्योत धडधडते व विझते. त्यानंतर दाबमापक जोडून, बर्नरसोबतच्या पुस्तिकेंत दिलेला दाब येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवितो. दाब दुप्पट केला म्हणजे तेलही दुप्पट येतें, असें मात्र नाहीं. तें सुमारें 1.4 पट येतें, आणि दुप्पट तेलास चौपट दाब लागतो. वर्गमूळाचा हा नियम तुम्हीं गणितांत शिकलाच आहां. शेवटीं तो धूर तपासून हवेचें प्रमाण जुळवितो. काळा धूर म्हणजे तेल अधिक व हवा अपुरी.

बर्नर पेटला नाहीं म्हणून बटण वारंवार दाबीत बसणें अत्यंत घातक आहे. न जळलेलें तेल आंत साचतें आणि अखेरीस एकदम भडकतें. स्टोव्हवरील भडका व हा भडका, दोघांचें कारण एकच: ज्योतीआधीं आलेलें तेल.

पालकांस आमची एक विनंती आहे. साधारण 35 ते 40 अंशांच्या वर तापलेल्या रॉकेलाची वाफ ठिणगी लागतांच पेट घेऊं शकते. आणि वैशाखांत आमच्याकडे सावलींतही पारा चाळिशीपार जातो. म्हणून रॉकेलाचा डबा उन्हांत ठेवूं नये, त्यांत पेट्रोल कदापि मिसळूं देऊं नये, आणि जळत्या किंवा तापलेल्या स्टोव्हमध्यें तेल भरूं नये. लहान मुलावर हें काम एकट्यानें सोंपवूं नये. सैल पदर अगर ओढणी आंवरून, स्टोव्ह जमिनीवर सपाट ठेवून मगच तो पेटवावा.

मित्रहो, अग्नीशीं घाई चालत नाहीं. क्षणभर थांबून बर्नर तापूं देणें हें किरकोळ वाटतें. परंतु तेवढ्याच धीरावर एखाद्या घरचें कुशल अवलंबून असतें.