मुलांच्या मनातील भेद व वडील माणसांचे कर्तव्य

लहान मूल कोणाविषयी तिरस्कार घेऊन जन्मास येत नाही. अंगणात खेळताना ते सोबत्याची जात विचारीत नाही; चेंडू कोण नीट झेलतो, एवढेच ते पाहते. मग थोड्याच वर्षांत “ती माणसे तसलीच” हे शब्द त्याच्या मुखी कोठून येतात? बहुधा ते घरातच ऐकलेले असतात. म्हणून हा पाठ मुलांकरिता असला तरी प्रथम वडील माणसांनी वाचावा, अशी आमची विनंती आहे.

१. खरी गोष्ट सांगावी. ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर ह्यांचे नाव दाखल झाले. ह्या मुलास बसावयास घरून गोणपाट आणावे लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मोकळीक नव्हती. शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी मिळे. पुढे १९०१ साली हा मुलगा आपला भाऊ व भाचे ह्यांच्यासह वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यास निघाला व मसूर स्टेशनावर उतरला. मुलांचे कपडे नीटनेटके होते. स्टेशनमास्तरांनी त्यांची चौकशी केली. परंतु आपण महार आहो, असे मुलांनी सांगताच त्यांची चर्या पालटली. कोणी गाडीवान त्यांस नेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी व गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले. बरोबर शिदोरी होती, पण वाटेत पाणी कोणी दिले नाही. म्हणून ती मुले उपाशीच निजली.

ही गोष्ट सांगून मुलांस विचारावे: कपडे तेच, चेहरे तेच, बोलणे तेच, मग एका शब्दाने काय बदलले? मुले विचार करून सांगतील की, त्या मुलांत काहीच बदलले नाही; पाहणाऱ्याचे मन मात्र बदलले. हे उत्तर आपण सांगू नये. त्यांस शोधू द्यावे.

२. एकाचा दोष सर्वांवर घालू नये. १८७१ साली इंग्रज सरकारने असा कायदा केला की, त्याखाली संबंध जातीच्या जाती गुन्हेगार ठरविण्यात आल्या. पारधी, कैकाडी ह्यांची मुले पाळण्यात असतानाच चोर गणली गेली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु गावात चोरी झाली की अजूनही पुष्कळांची नजर प्रथम पालांकडे वळते. कायदा कागदावरून पुसता येतो. मुलाच्या कानात पडलेला शब्द पुसणे कठीण.

३. एकत्र राहू द्यावे. भाऊराव पाटील ह्यांचे घराणे सांगलीकडील ऐतवडे बुद्रुकचे. त्यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले व निरनिराळ्या जातींची मुले एकत्र ठेविली. ती एकत्र राबत व एका पंक्तीस जेवत. शंभर व्याख्यानांनी जे साधत नाही, ते एका भाकरीचे दोन तुकडे केल्याने साधते.

४. आपली परीक्षा करावी. कामास आलेल्या बाईची कपबशी आपण निराळी ठेवितो काय? काळ्या रंगाच्या मुलीस हिणवितो काय? आपल्या मंडळ्यांतही सोयरीक जुळविताना “ते मूळचे कोण?” असे हलक्या आवाजात विचारले जाते. आपला आवाज हलका असला तरी मुलांचे कान तीक्ष्ण असतात. दिवसभर अशी वागणूक पाहिलेल्या मुलास सायंकाळी समतेचा पाठ देऊन काय उपयोग?

घरी विचारावयाचे प्रश्न: (१) ज्याच्याशी आपण कधी बोललो नाही, अशा कोणाविषयी आपण वाईट समज करून घेतला आहे काय? (२) तो समज आपणांस कोणी दिला? (३) ह्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन पाणी मागून प्यावयास आपण तयार आहो काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने नको. कृतीने द्यावे, आणि मुलास बरोबर न्यावे.