‘ड्रीमलँड’ची उधारीची वही

जपानी सिनेमा म्हटलं की आपल्याकडे कुरोसावाचं नाव निघतं आणि ‘सेव्हन सामुराई’पाशी गाडी थांबते. केंजी मिझोगुचीपर्यंत आपण सहसा पोहोचतच नाही. त्याचा शेवटचा सिनेमा ‘आकासेन चिताई’ १९५६ च्या मार्चमध्ये आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. बाहेरच्या जगात हा सिनेमा ‘स्ट्रीट ऑफ शेम’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे लाजेचा रस्ता. मूळ जपानी नावात मात्र लाज कुठेच नाही. त्याचा अर्थ ‘लाल रेषेचा इलाखा’. १९४६ च्या जानेवारीत अमेरिकन लष्करी प्रशासनाने जपानमधली परवानाधारक वेश्याव्यवसायाची पद्धत बंद केली. धंदा अर्थातच थांबला नाही. ज्या वस्त्यांमध्ये तो चालू द्यायचा, त्यांच्याभोवती पोलिसांनी नकाशावर लाल रेष मारली, एवढंच. मला हे नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे हा विषय आला तर मेरी मॅग्डालेनच्या गोष्टीपुरता यायचा. पाप, पश्चात्ताप, क्षमा. घरी तर तोही नाही. ‘तसल्या बायका’ एवढं बोलून विषय बदलायचा. त्यामुळे हा सिनेमा पाहताना मला सगळ्यात जास्त काय जाणवलं असेल, तर इथे पापाचा हिशोब कुणी मांडत नाही. पैशाचा सगळेच मांडतात!

गोष्ट टोकियोतल्या योशिवारा भागातली. ही वस्ती १६१७ पासूनची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची. तिथल्या ‘ड्रीमलँड’ नावाच्या घरात पाच बायका काम करतात. युमेको विधवा आहे, मुलाला वाढवायला इथे आली. योरिएला लग्न करून सुटायचंय. मिकी (ही ‘राशोमोन’मधली माचिको क्यो) कोबेच्या खात्यापित्या घरातून बापावर चिडून आलीय. यासुमीचा बाप पैशाच्या भानगडीत तुरुंगात गेला, त्याला सोडवायला तिने स्वतःला विकलं. आणि हानाए. तिचा नवरा आजारी आणि बेकार, पदरात तान्हं मूल. ती रोज घरून कामावर येते, जशी कुणी बाई गिरणीत पाळीला जावी तशी. नवरा तिला न्यायला येतो तेव्हा मूल त्याच्याकडे असतं. एकदा तो गळफास लावून घेऊ पाहतो आणि ती वेळेवर पोहोचून वाचवते. त्यानंतर ती त्याला जे सुनावते त्यात रडणं कमी आणि राग जास्त आहे. मुलाला दूध घेता येत नाही आणि म्हणे हा सुसंस्कृत देश, असा तिचा सूर. मिचियो कोगुरेने हे काम चष्मा लावून, जराही ‘हिरोईन’ न होता केलंय.

आमच्या फिल्म क्लबमध्ये सिनेमा संपल्यावर मागून पहिलाच प्रश्न आला, “दार तर उघडंच आहे, मग या निघून का जात नाहीत?” प्रश्न विचारणारा काही दुष्ट नव्हता, बहुतेकांच्या मनात तेच होतं. मला वाटतं, सगळा सिनेमा या प्रश्नाचंच उत्तर आहे. फक्त ते भाषणातून येत नाही, वहीतून येतं.

जपानमध्ये या पद्धतीला ‘झेनशाक्किन’ म्हणत, म्हणजे आगाऊ दिलेलं कर्ज. मुलगी घरात येण्याआधीच तिच्या नावावर उचल दिली जायची, बहुतेक वेळा बापाच्या हातात. मग ती काम करून फेडणार. आपल्याकडे ऊसतोड कामगारांची उचल असते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त समजवावं लागणार नाही. गणित करून बघा. आकडे माझे आहेत, सिनेमातले नाहीत. समजा, कर्ज १०० रुपये. मालकाचा वाटा गेल्यावर महिन्याला हातात २० येतात. त्यातले १२ घरी पाठवायचे, कारण आलीच त्यासाठी. उरलेले ८ किमोनो, पावडर, डॉक्टर यात जातात, आणि या वस्तू चांगल्या नसतील तर गिऱ्हाईक येत नाही. म्हणजे फेड शून्य. व्याज मात्र ३ टक्के धरलं तरी पुढच्या महिन्यात कर्ज १०३. ते फेडायला जास्त कमवायचं, जास्त कमवायला चांगला किमोनो हवा, किमोनो उधारीवर. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांनी हा पॉझिटिव्ह फीडबॅक ओळखला असेल. अशी सिस्टिम आपोआप स्थिर होत नाही.

दार उघडं असून काय उपयोग! योरिए दारातून जाते की. मैत्रिणी तिला थाटात निरोप देतात, भेटी देतात. थोड्याच दिवसांत ती परत येते, कारण नवऱ्याला बायको नव्हे तर बिनपगारी कामकरीण हवी होती. इथे निदान कामाचे पैसे तरी मिळतात, असं तिचं म्हणणं. हा प्रसंग मला फार बोचला. युमेको तर मुलाकडे जाते. तो आता कारखान्यात कामाला आहे, आई आता त्याच्याकडे राहील असं तिचं स्वप्न. त्याला तिची लाज वाटते, तो तिला तोडून टाकतो आणि तिचं डोकं फिरतं. मिकीला न्यायला बाप येतो, पण मुलीच्या ओढीने नाही, घराण्याच्या अब्रूसाठी. त्या प्रसंगात मिकी बापाला जे सुचवते ते इथे लिहीत नाही, प्रत्यक्षच बघा.

हे सगळं चालू असताना रेडिओवर बातम्या येत असतात, कारण जपानच्या संसदेत वेश्याव्यवसायबंदीचं विधेयक चर्चेला आहे. मालक बायकांना समजावतो की सरकार तुमच्यासाठी काही करत नाही, आम्हीच तुमचे खरे समाजसेवक. ऐकताना हसू येतं आणि मग लक्षात येतं की पहिलं अर्धं वाक्य खरंच आहे. सिनेमात विधेयक नापास होतं. प्रत्यक्षात, सिनेमा आल्यानंतर दोनच महिन्यांत, मे १९५६ मध्ये कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९५८ पासून त्यातल्या शिक्षा लागू झाल्या. सिनेमामुळे कायदा झाला असं कौतुकाने म्हटलं जातं. मी तेवढं म्हणणार नाही, कारण महिला खासदार आणि संघटना त्यासाठी आधीपासूनच झगडत होत्या.

कर्जाच्या बाबतीत त्याहून महत्त्वाची गोष्ट ऑक्टोबर १९५५ मध्ये घडली होती. एका बापाने मुलीच्या कामावर उचल घेतली होती, त्या खटल्यात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असा करार मुळातच रद्दबातल, आणि उचलही परत मागता येणार नाही. म्हणजे कोर्टाने वहीच फाडली. १९५६ च्या कायद्यानेही या धंद्यासाठी आगाऊ पैसे देणं हा गुन्हा ठरवला. मात्र रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला शिक्षा ठेवली आणि गिऱ्हाईकाला काहीच नाही. हानाएच्या मुलाचं दूध कुठून येणार, याचं उत्तर तर फारच तोकडं होतं. अडचणीतल्या स्त्रियांना आधार देणारा स्वतंत्र कायदा तिथे २०२२ मध्ये झाला आणि २०२४ मध्ये लागू झाला.

आपल्याकडचा अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा कायदाही १९५६ चाच, आणि तोही १९५८ मध्ये अमलात आला. वेठबिगारीचं कर्ज रद्द करणारा कायदा यायला मात्र १९७६ उजाडलं. हा क्रम बघून मला तरी वाटतं की जगभर आधी घरं बंद करायची घाई असते, वहीकडे लक्ष नंतर जातं.

मिझोगुचीला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. घरची गरिबी इतकी की त्याची मोठी बहीण आधी दत्तक दिली गेली आणि मग गेशा म्हणून विकली गेली. पुढे तिच्याच आधाराने तो वाढला. म्हणूनच बहुधा तो या बायकांना देवीही करत नाही आणि बिचारीही.

पाचजणींपैकी सुटते फक्त यासुमी (आयाको वाकाओ). कशी? ती वहीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसते. मैत्रिणींना व्याजाने पैसे देते, एका गिऱ्हाईकाला लग्नाचं आमिष दाखवून लुबाडते. तो कचेरीतले पैसे उचलतो आणि शेवटी तिचा गळा दाबायला धावतो. दुसऱ्या एका गिऱ्हाईकाचं गाद्यांचं दुकान बुडतं, ते ती विकत घेते. आता ती ‘ड्रीमलँड’ला गाद्या पुरवते.

तिच्या जागी येते शिझुको, खाणीत जखमी झालेल्या कामगाराची मुलगी, आतापर्यंत घरात वरकामाला असलेली. तिला रंगवून दारात उभं करतात. बाकीच्या रस्त्यावरच्या पुरुषांना हाताला धरून ओढतायत. मागे तोशिरो मायुझुमीचं ते विचित्र, कानाला टोचणारं संगीत. शिझुको भिंतीआडून अर्धाच चेहरा बाहेर काढते, हात जरासा उचलते आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात हाक मारते.