मासा खंगला तर आधी पाणी, मग खाणं



आपल्या काही गटांनी सिमेंटच्या टाक्यांमध्ये शोभेचे मासे वाढवायला घेतले आहेत. गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश. भेटीला गेलं की एक प्रश्न हमखास येतो, "एक मासा बारीक होत चाललाय, खाद्य वाढवू का?" थेट उत्तर आहे, नाही. टाकीत खाद्य वाढवलं तर ते धडधाकट मासेच खातात. उरलेलं तळाशी कुजतं, पाणी बिघडतं आणि आजारी मासा आणखी खंगतो. मग करायचं काय, ते या पाठात बघू.

खंगलेला मासा ओळखायचा कसा?

माशाकडे वरून बघा. निरोगी मासा डोक्यामागे भरलेला दिसतो. खंगलेल्या माशाचं डोकं मोठं दिसतं, पाठ सुरीच्या पात्यासारखी होते, पोट आत जातं. तो कोपऱ्यात थांबतो, पंख मिटून घेतो, खाद्य टाकलं तरी धावत येत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. गप्पी आणि मॉलीची मादी पिल्लं देते. पिल्लं दिल्यावर तिचं पोट एकदम सपाट होतं. ती बाळंतीण आहे, आजारी नाही. तिची पाठ भरलेली असते आणि ती खायलाही येते.

कारण शोधा

आधी मोजा, मासा एकच बारीक आहे की बरेच?

एकच असेल तर खाद्य टाकून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. बऱ्याचदा मोठे मासे त्याला हुसकावतात आणि तो शेवटी पोचतो. घरात सगळ्यांच्या मागून जेवणारीच्या ताटात काय उरतं, ते ताईंनो, तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

बरेच मासे बारीक असतील तर तीन गोष्टी तपासा.

१. पाणी : माशांची विष्ठा आणि कुजलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी स्वच्छ वाटतं, पण माशाचे कल्ले भाजतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी पाण्यावरच संशय घ्या.

२. खाद्य : पावसाळ्यात उघडं पाकीट दमट होतं, बुरशी धरतं. लहान पाकीट घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

३. पोटातले जंत : मासा खातो तरी वाळतो आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी येते, तर पोटात परजीवी असू शकतात. गप्पीच्या शेपटीकडच्या छिद्रातून लाल बारीक धागे बाहेर दिसले तर ते जंतच समजा. याचं औषध मत्स्य अधिकारी किंवा पशुवैद्यक यांना विचारूनच द्या. दुकानातलं अँटिबायोटिक अंदाजाने टाकू नका.

आजारी माशाची खोली

४० लिटरचा एक टब सावलीत ठेवा. अर्धं पाणी टाकीतलं, अर्धं मुरवलेलं घ्या. पाणी एकदम बदललं तर माशाला तोही धक्काच असतो. मुरवलेलं म्हणजे उघड्या भांड्यात किमान २४ तास ठेवलेलं. ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल टाकलं असेल तर हे अजिबात चुकवू नका, क्लोरीनने मासा मरतो. हवेचा पंप हळू लावा. लपायला एखादं मडक्याचं खापर ठेवा.

मीठ : वरच्या जातींसाठी १ लिटरला १ ग्रॅम साधं खडेमीठ, म्हणजे ४० लिटरला ४० ग्रॅम. चिमटीने टाकू नका, वजन करा. मगभर पाण्यात विरघळवून निम्मं सकाळी, निम्मं संध्याकाळी घाला. मीठ उडून जात नाही. म्हणून रोज १० लिटर पाणी बदलाल तेव्हा फक्त १० ग्रॅमच नवीन घाला. मिठाने अशक्त माशाचा ताण कमी होतो, पण ते जंताचं औषध नाही.

खाऊ घालायचं कसं?

पहिल्या दिवशी मासा खाणार नाही, घाबरू नका. दुसऱ्या दिवसापासून दिवसातून ३-४ वेळा, २ मिनिटांत संपेल एवढंच द्या. उरलेलं लगेच काढा. स्वच्छ पाण्यात वाढलेल्या डासांच्या अळ्या मासे आवडीने खातात. मात्र गटाराच्या अळ्या नकोत, आणि आणलेल्या अळ्यांचे डास होऊ देऊ नका. गोल्डफिशला उकडलेल्या मटारचा साल काढलेला गर चालतो.

वहीत तारीख, खाल्लं का, विष्ठा कशी, पोट कसं, एवढं रोज लिहा. दोन आठवड्यांत पाठ भरू लागली तर तो सुधारतोय. परत सोडताना टाकीतल्या दांडग्या माशांची सोय आधी करा, नाहीतर पुन्हा तेच होईल.

स्वतःची आणि धंद्याची काळजी

काही मासे महिनोन् महिने वाळत जातात, पाठीचा कणा वाकतो, अंगावर जखमा होतात. हा माशांचा क्षयरोग असू शकतो. त्याचे जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतात. म्हणून कापलेल्या हाताने टाकीत काम नको, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. नळी तोंडाने ओढून पाणी काढू नका. हातावरची जखम बरी होत नसेल तर डॉक्टरांना सांगा की मी माशांच्या टाकीत काम करते.

आजारी टबाची हातजाळी वेगळी ठेवा आणि वापरून झाली की उन्हात वाळवा. नवीन आणलेले मासेही किमान २ आठवडे वेगळेच ठेवा. मेलेला मासा खोल पुरा. जिवंत मासा किंवा टबाचं पाणी ओढ्यात, विहिरीत सोडू नका.

आणि बारीक मासा गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालू नका. एका माशाचे पैसे मिळतील, पण तो त्याच्या टाकीतले इतर मासे घेऊन गेला तर ते गिऱ्हाईक आपल्या गटाकडे परत येणार नाही. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येणारच आहे.

पुढच्या बैठकीत बोला

- आपल्या टाकीत शेवटी खाणारे मासे कोणते?
- आजारी माशांचा टब कोणाच्या पडवीत ठेवायचा? वही कोण लिहील?
- मुरवलेल्या पाण्याचं एक पिंप कायम भरलेलं ठेवायची पाळी कशी लावायची?

ठरलेलं बैठकीच्या इतिवृत्तात लिहा. पुढच्या भेटीत टब आणि वही दोन्ही बघायला मी येणार आहे.